तीन गाड्या, एकच चालक: मामांच्या विम्याचं प्रकरण

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. रात्रीच्या वादळात गुलमोहराची फांदी मोडून रस्त्यावर उभ्या असलेल्या मोठ्या गाडीच्या पुढच्या काचेवर पडली होती. काच बदलायला गॅरेजवाल्याने ९,२०० रुपये सांगितले होते. क्लेम कसा करायचा, एवढंच मामांना विचारायचं होतं. मी मोटार विम्याच्या कामात असल्यामुळे नात्यातले असे फोन मला नेहमी येतात. सवयीने मी म्हटलं, "पॉलिसीचा फोटो पाठवा." त्यांनी तीन पॉलिस्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "यातली कुठली ते बघ. आणि एक सांग, चालवणारा मी एकटा, मग तीन विमे कशाला? एकच करता येत नाही का?"

तीनही पॉलिस्या वाचल्यावर काच बाजूला राहिली. पुढचे काही महिने आम्ही तिघांनी, म्हणजे मी, मामा आणि परदेशातून फोनवर माझा मामेभाऊ, जे केलं ते इथे सविस्तर लिहितो आहे. एकेकाळी तिघं चालवणारे होते आणि आता एकच उरला आहे, अशी घरं आज बरीच आहेत. त्यांच्या कपाटातही अशाच पॉलिस्या असतील.

मामा ६८ वर्षांचे. त्यांची रोजची गाडी १,१९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी नवी घेतलेली, त्यांच्याच नावावर. दुसरी मामींची, ७९६ सीसीची, अकरा वर्षं जुनी. मामी जानेवारीत गेल्या. तिसरी मुलाची, २,१७९ सीसीची डिझेल एसयूव्ही, नऊ वर्षांची. मुलगा नोकरीसाठी परदेशी गेला आणि वर्षातून तीन आठवडे येतो तेव्हा तीच वापरतो. सोसायटीत पार्किंगच्या जागा दोन, म्हणून एसयूव्ही बाहेर रस्त्यावर, गुलमोहराखाली.

तिन्हींचा मिळून वर्षाचा खर्च होता ३१,९८५ रुपये. त्यात एकट्या एसयूव्हीचे १७,९६८, म्हणजे जी गाडी वर्षाचे अकरा महिने जवळजवळ उभीच असते तिच्यावर निम्म्याहून जास्त.

मामांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो प्रश्न अगदी रास्त आहे. एक माणूस एका वेळी एकच गाडी चालवू शकतो. दोन गाड्या उभ्या असताना त्यांच्याकडून कोणाला धडक बसणार नाही. मग तिन्हींसाठी पूर्ण पैसे का? ऑस्ट्रियात हाच विचार कायद्यात उतरला आहे. तिथे एका मालकाच्या तीन गाड्यांपर्यंत एकच नंबरप्लेट घेता येते. जी गाडी बाहेर काढायची तिला ती प्लेट लावायची आणि तिसऱ्या पक्षाच्या (थर्ड पार्टी) विम्याचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्यांना होणाऱ्या इजेच्या आणि नुकसानीच्या भरपाईचा, हप्ता फक्त सर्वांत जास्त हप्त्याच्या गाडीचा भरायचा. ब्रिटनमध्ये गाडी रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून ठेवलं, तर विमा नसला तरी चालतो.

आपल्याकडे ही सोय नाही, आणि त्याचं कारण आपल्या पॉलिसीच्या रचनेतच आहे. आपली पॉलिसी गाडीला चिकटलेली असते, चालकाला नाही. मालकाच्या परवानगीने वैध परवाना असलेला कोणीही गाडी चालवत असेल, तरी तिसऱ्या पक्षाला झालेल्या इजेची जबाबदारी विमा कंपनी घेते. घरात चालवणारे किती, हे कंपनी विचारत नाही. थर्ड पार्टीचा हप्ता तर कंपनी ठरवतही नाही, तो सरकारी अधिसूचनेने ठरतो आणि खासगी गाडीसाठी मुख्यतः इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले दर असे: १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ आणि १,५०० च्या वर ७,८९७, अधिक १८ टक्के जीएसटी. त्यात चालकाचं वय नाही, अनुभव नाही, गाडी किती फिरली तेही नाही. मामा एकटे आहेत याने त्या आकड्यांत एक रुपयाचाही फरक पडत नाही.

"उभीच असते तर एसयूव्हीचा विमा बंद करू का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ मध्ये 'सार्वजनिक ठिकाणी' वाहन वापरण्यासाठी थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि जिथे लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे ती जागा म्हणजे सार्वजनिक ठिकाण. रस्त्याकडेची जागा म्हणजे तर सार्वजनिकच. कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दंड ४,०००. मला दंडाची तेवढी काळजी वाटत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मामा दर रविवारी ती गाडी काढून चौकापर्यंत नेऊन आणतात. त्या दहा मिनिटांत शाळेच्या सायकलीवरचं एखादं पोर समोर आलं तर मृत्यू किंवा इजेची भरपाई किती द्यावी लागेल याला कायद्यात वरची मर्यादा नाही. ते ओझं एका पेन्शनरच्या घरावर यावं, हे मला मान्य नाही. तिन्ही गाड्यांचा थर्ड पार्टी विमा राहणार, यावर मी त्यांना पर्यायच दिला नाही.

एकत्र पॉलिसीची सोय मात्र आहे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, जुलै २०२२ मध्ये ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, भागासाठी फ्लोटरला परवानगी दिली, म्हणजे एकाच व्यक्तीच्या मालकीच्या अनेक गाड्यांसाठी एक संरक्षण. अट मालकीची आहे. मामांच्या दारातल्या तीन गाड्यांपैकी त्यांची फक्त एक होती.

आधी नावं, मग विमा

मामींची पॉलिसी वाचताना मला खरा धक्का बसला. ती २७ मे रोजी नूतनीकरण केलेली होती, मामींच्या नावाने. मामी ३ जानेवारीला गेल्या होत्या.

झालं असं की मामींच्या मोबाइलवर नूतनीकरणाची लिंक आली, मामांनी ती उघडली आणि पैसे भरले. सगळी माहिती आधीच भरलेली होती. विम्यात खंड पडू नये एवढाच त्यांचा हेतू होता. पण करार ज्या व्यक्तीच्या नावाने झाला ती हयातच नव्हती. मालकाच्या मृत्यूनंतर काय होतं ते मोटार पॉलिसीच्या अटींमध्येच लिहिलेलं असतं: पॉलिसी लगेच रद्द होत नाही, मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत यांपैकी जे आधी संपेल तोवर ती चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने मृत्यूचा दाखला, गाडीवरच्या हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी देऊन ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी घ्यायची. आरटीओचंही वेळापत्रक असंच आहे. मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची आणि फॉर्म ३१ भरून तीन महिन्यांत आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, आपल्या नावावर करायची. यातलं काहीच झालं नव्हतं. दुःखाच्या त्या महिन्यांत कोणाला सुचलंही नसतं, आणि हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. मी या धंद्यात आहे. तेराव्याला मी तिथे होतो, गाडी समोर उभी होती आणि तरी मी विचारलं नाही.

मे अखेरीला ही गाडी चोरीला गेली असती किंवा पाण्यात बुडली असती, तर मृत व्यक्तीच्या नावावरची ती पॉलिसी ओन डॅमेजच्या क्लेमला उभी राहणं फार कठीण होतं. पैसे भरलेले, कागद हातात आणि घरात सगळे निर्धास्त. विमा नाही हे ठाऊक असलेला माणूस निदान जपून तरी राहतो.

इथे घड्याळही चालू होतं. मामींच्या पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस होता, क्लेम न केल्याबद्दल ओन डॅमेजच्या हप्त्यात मिळणारी ही सवलत. ५० टक्के म्हणजे सलग पाच वर्षं किंवा त्याहून जास्त एकही क्लेम नाही. पॉलिसीची मुदत संपल्यापासून ९० दिवसांच्या आत नूतनीकरण झालं नाही तर बोनस शून्यावर येतो. मामींची जुनी पॉलिसी २८ मे रोजी संपली होती. कंपनीने २७ मेचं नूतनीकरण रद्दबातल धरलं असतं, तर २६ ऑगस्टपर्यंत वेळ होता. मी कागद बघत होतो तो २१ जुलैचा दिवस, म्हणजे ५४ दिवस गेलेले.

कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीने फोनवर सांगितलं, "मालक बदलला की एनसीबी झीरो होतो, सर." एनसीबी म्हणजे हाच नो क्लेम बोनस. सर्वसाधारण व्यवहारात तिचं म्हणणं बरोबर आहे. बोनस गाडीचा नसतो आणि पॉलिसीचाही नसतो, तो विमाधारकाचा असतो. गाडी विकली तर तो घेणाऱ्याला मिळत नाही. पण २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमांच्या पुस्तकात, याच नियमाला जोडून एक अपवाद आहे: विमाधारक व्यक्तीचा मृत्यू झाला आणि गाडीचा ताबा व वापर जोडीदाराकडे, मुलांकडे किंवा आईवडिलांकडे गेला, तर बोनस त्यांच्याकडे जातो. ओन डॅमेजचे दर २००७ पासून खुले झाले तरी बोनसची ही चौकट कंपन्या वापरत राहिल्या. मी तो परिच्छेद ईमेलमध्ये चिकटवला, सोबत मृत्यूचा दाखला जोडला आणि शाखेतल्या अधिकाऱ्यांच्या नावाने पाठवला. दोन ईमेल आणि एक प्रत्यक्ष भेट लागली. मामा स्वतः आले होते. टेबलावर दाखला ठेवताना त्यांचा हात थरथरला, अधिकाऱ्यांनी पाणी मागवलं आणि त्यानंतर काम सरळ झालं.

आरटीओचं काम समांतर चाललं होतं. तिथे मुलाचं ना-हरकत पत्र लागलं, ते त्याने परदेशातून सही करून पाठवलं. ८ ऑगस्टला आरसी मामांच्या नावावर झाली, १९ ऑगस्टला, ८३ व्या दिवशी, गाडीची तपासणी होऊन नवी पॉलिसी निघाली. मामांच्या नावाने, ५० टक्के बोनससह. आधीची रद्द झाली आणि तिचे पैसे परत आले. मधल्या काळात ती गाडी रस्त्यावर काढायची नाही असं मी मामांना बजावलं होतं आणि त्यांनी ते पाळलं.

मामींच्या गाडीची किंमत

या गाडीचा ओन डॅमेज विमा घ्यायचा की नुसती थर्ड पार्टी ठेवायची, यावर आमचा सर्वांत जास्त वेळ गेला.

हिशेब करणारा कोणीही म्हणेल, अकरा वर्षांची गाडी आहे, ओन डॅमेज सोडून द्या. त्याला आधारही आहे. साध्या पॉलिसीत क्लेमच्या वेळी सुट्या भागांवर घसारा कापतात: रबर, प्लॅस्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, काचेवर काहीच नाही आणि पत्र्याच्या व इतर भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर तेही ५० टक्के. म्हणजे दरवाजा बदलला तर त्याची अर्धी किंमत आपल्याच खिशातून जाते. एवढ्या जुन्या गाडीला झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोडसंरक्षण, सहसा मिळत नाही.

पण मला दुसऱ्याच आकड्याची भीती वाटत होती. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ८५,००० होता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. ८५,००० चे ७५ टक्के म्हणजे ६३,७५०. समोरून बऱ्यापैकी धडक बसली आणि बॉनेट, रेडिएटर, हेडलाइट, बंपर, मजुरी असं सगळं धरलं तर आजच्या दरात हा आकडा ओलांडायला वेळ लागत नाही. मग कंपनी चेक देते आणि गाडी भंगारात जाते. मामांना चेक नको होता.

हे मला कळलं ते डॅशबोर्डच्या कप्प्यामुळे. आरसी शोधायला मी तो उघडला तर आत एक लांबट डायरी होती, निळ्या रेक्झिनच्या कव्हरची. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर मामींनी तारीख, मीटरवरचा आकडा, लिटर आणि रुपये लिहिले होते, अकरा वर्षं, एकही नोंद न चुकवता. शेवटची नोंद १९ डिसेंबरची. मी ती डायरी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती बंद केली आणि परत कप्प्यात ठेवली.

पाच वर्षांच्या पुढच्या गाडीचा आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी परस्परसंमतीने ठरवायचा असतो, त्याला ठरीव तक्ता नाही. सर्व्हिसचे कागद आणि तपासणीचे फोटो दाखवून आम्ही तो १,२०,००० करून घेतला. ७५ टक्क्यांची रेषा ९०,००० वर गेली, म्हणजे गाडी दुरुस्त होऊन घरी येण्याची शक्यता वाढली. आयडीव्ही वाढवला की हप्ता वाढतो म्हणून लोक तो कमी ठेवायला बघतात. जी गाडी हातची जाऊ द्यायची नाही तिच्या बाबतीत ही मोठी चूक आहे.

हप्ता खाली आणायला त्या डायरीचाच उपयोग झाला. जुलै २०२२ च्या त्याच परवानगीने 'पे ॲज यू ड्राइव्ह' आलं, म्हणजे वर्षाला किती किलोमीटर चालवणार ते आधी सांगायचं आणि ओन डॅमेजमध्ये सवलत घ्यायची. मामींच्या नोंदींवरून त्यांचं वर्षाचं फिरणं तीन-साडेतीन हजार किलोमीटर होतं. त्या गेल्यापासून गाडी ४६ किलोमीटर चालली होती. मामांनी या कंपनीचा सर्वांत खालचा, २,५०० किलोमीटरचा टप्पा घेतला. मर्यादा ओलांडायच्या आधी जादा किलोमीटर विकत घ्यावे लागतात, नाहीतर क्लेमच्या वेळी अडचण येते, हे मी पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेनने लिहून दिलं. आयडीव्ही वाढूनही नव्या पॉलिसीचे एकूण ४,००५ रुपये झाले, आधी ४,२१७ होते.

काच आणि एसयूव्ही

आता ती फांदी. मी मामांना क्लेम करू दिला नाही.

एसयूव्हीचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता १४,००० होता, ५० टक्के बोनस वजा जाऊन ७,०००. काचेचे ९,२००, त्यातून १,५०० सीसीच्या वरच्या गाडीसाठी सक्तीची कपात २,००० रुपये. हातात येणार ७,२००. पुढच्या वर्षी बोनस शून्य, म्हणजे ७,००० रुपये जास्त भरायचे. हिशेब तिथे संपत नाही. क्लेमनंतर बोनस ०, २०, २५, ३५, ४५ असा चढत सहाव्या वर्षी परत ५० वर येतो. दरवर्षी किती गमावलं ते मोजलं तर ५०, ३०, २५, १५ आणि ५, बेरीज १२५ टक्के. गाडी ठेवायची असेल तर मूळ हप्त्याच्या सव्वापटीहून लहान क्लेम परवडत नाही. इथे ती रेषा १७,५०० रुपयांवर होती. एका गाडीच्या क्लेमने बाकी दोघींचा बोनस हलत नाही, प्रत्येक पॉलिसीचा बोनस वेगळा मोजला जातो, हे मामांना नव्याने कळलं.

एसयूव्हीचं मोठं दुखणं मालकीचं होतं. गाडी मुलाच्या नावावर, पॉलिसी मुलाच्या नावावर, चालवणारे मामा. तिसऱ्या माणसाला इजा झाली तर ही पॉलिसी भरपाई देईल. मामांना स्वतःला झाली तर?

मालक-चालकासाठी १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, लोक त्याला सीपीए म्हणतात. २०१८ पर्यंत गाड्यांसाठी ते फक्त दोन लाखांचं होतं. तिन्ही पॉलिस्यांत त्याचा हप्ता भरलेला होता आणि मामांना वाटत होतं आपण तिहेरी सुरक्षित आहोत. अटी वाचल्या की चित्र बदलतं. हे संरक्षण मिळायला माणूस गाडीचा नोंदणीकृत मालक हवा, पॉलिसीतला विमाधारकही तोच हवा आणि त्याच्याकडे वैध परवाना हवा. एसयूव्हीतलं सीपीए मुलाचं, तो परदेशी. मामींच्या पॉलिसीतलं मामींचं. मामांसाठी खरं असलेलं संरक्षण हॅचबॅकच्या पॉलिसीतलं तेवढं एक. दुसऱ्याची गाडी मागून चालवणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, त्याला त्या गाडीच्या विमा कंपनीकडे तिसरा पक्ष म्हणून मागणी करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सांगितलं आहे. बापाने मुलाची गाडी चालवली तरी कागदावर ती दुसऱ्याचीच.

गाड्या कितीही असल्या तरी एका मालकाला सीपीए एकच घेणं पुरतं. १ जानेवारी २०१९ पासून ते पॉलिसीपासून वेगळंही घेता येतं. मी मामांना त्याच्या जोडीला स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्यायला लावली, जी गाडी कोणाची हे विचारत नाही आणि रिक्षात, जिन्यावर, रस्ता ओलांडतानाही लागू असते. एकट्या राहणाऱ्या माणसाला तीच जास्त कामाची.

एसयूव्ही मामांच्या नावावर करायचा विचारही झाला. पण जिवंतपणी हस्तांतर केलं की बोनस मुलाकडेच राहतो, मामांची सुरुवात शून्यापासून होते आणि हप्ता ७,००० ने वाढतो. मामींच्या गाडीचा बोनस मामांना मिळाला आणि मुलाच्या गाडीचा मिळणार नाही, हे त्यांना विचित्र वाटलं, पण नियम तसाच आहे. शेवटी मुलगाच म्हणाला, "बाबा, तीन आठवड्यांसाठी मी तुमची चालवेन. ही विकून टाका." मला ते शंभर टक्के पटलं.

दिवाळीत तो आला तेव्हा विक्री झाली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. पैसे मिळाले तरी आरसीवर नाव बदलल्याशिवाय विषय संपला असं मानायचं नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. नोंदणीत ज्याचं नाव तोच जबाबदार मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचं असतं, तेही आम्ही त्याच्या मागे लागून करून घेतलं. मुलाने बोनसचं पत्र घेऊन ठेवलं आहे. ते तीन वर्षं चालतं. इथे परत येऊन नवी गाडी घेतली तर त्याचे ५० टक्के त्याला मिळतील.

हॅचबॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला तीन वर्षांची थर्ड पार्टी एकदम घ्यावी लागते, तशी ती घेतलेली होती आणि अजून वर्ष शिल्लक होतं. दरवर्षी फक्त ओन डॅमेज घ्यायचं. दोन वर्षं क्लेम नाही म्हणून २५ टक्के बोनस. रोजची गाडी असल्यामुळे झीरो डेप आणि इंजिनाचं संरक्षण तसंच ठेवलं. दोन्ही गाड्या आता मामांच्या नावावर असल्यामुळे फ्लोटरची चौकशी केली, पण दोन कंपन्या, दोन वेगळ्या तारखा आणि मिळणारी सवलत जेमतेम, म्हणून या वर्षी सोडून दिलं.

चालक एकच असण्याचा खरा परिणाम हप्त्यावर होत नाही, तो परवान्यावर होतो. मामांचा परवाना नोव्हेंबरात संपत होता आणि हे तिन्ही पॉलिस्यांच्या कागदांत कुठेच लिहिलेलं नव्हतं. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सूट असायची, २०१९ च्या दुरुस्तीत ती गेली. परवाना संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा गाडी घेऊन निघाले असते, तर ओन डॅमेज अडचणीत आणि सीपीए हातचं गेलेलं. घरात चालवणारे तिघं असताना एकाचा परवाना संपला तरी बाकीचे दोघं असतात. इथे सगळं त्या एका कार्डावर उभं. डॉक्टरांकडून फॉर्म १ए भरून घेतला आणि ऑक्टोबरातच नूतनीकरण केलं. पंचावन्न वयाच्या पुढे ते पाच वर्षांसाठी मिळतं.

त्याच तपासणीत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेनंतर महिनाभर मामांनी गाडीला हात लावला नाही, दवाखान्यात जायला दिवसाच्या हिशेबाने ड्रायव्हर बोलावला. पगारी चालकाच्या जबाबदारीचं संरक्षण पन्नास रुपयांत मिळतं, ते दोन्ही पॉलिस्यांत जोडून घेतलं. त्याचा परवाना मामांनी स्वतः बघितला आणि फोटो काढून मला पाठवला.

आरटीओत मामींची आरसी बदलून घेताना अर्जात नामनिर्देशनाचा रकाना होता. २०२१ पासून ही सोय आहे. मालक गेला तर गाडी कोणाच्या नावावर करायची ते आधीच लिहून ठेवता येतं, वारसांच्या प्रतिज्ञापत्रांची धावपळ वाचते. मामींच्या आरसीत ते नोंदवलेलं नव्हतं. मामांनी मुलाचं नाव लिहिलं, मग मला म्हणाले, "हॅचबॅकलाही करता येईल ना? आत्ताच करून टाकू." तो अर्ज आम्ही त्याच संध्याकाळी घरी बसून भरला.